वाचकांचे प्रश्न : ट्रॅफिकचा लॉग आणि भरलेली डिस्क

या वेळी आलेल्या प्रश्नांत ठाणे-नवी मुंबईकडचे जास्त आहेत, आणि बहुतेकांचं दुखणं एकच, सर्व्हरवर नेटवर्क ट्रॅफिकचा लॉग (म्हणजे नोंदवही) चालू केला आणि पुढे काय करायचं ते कळेना. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय, मोबाइल आणि प्रिंटरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न : ताई नमस्कार, वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं युनिट आहे, पंचवीसेक माणसं. जुन्या पीसीवर उबंटू टाकून तोच गेटवे केलाय, सगळं इंटरनेट त्यातूनच जातं. मालक म्हणाले कोण कुठे कनेक्ट होतं त्याचा लॉग ठेव, म्हणून आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) लॉगचा रूल टाकला. दोन-तीन दिवसांत डिस्क शंभर टक्के, मशीन जाम. लॉगरोटेट (जुना लॉग बाजूला करून नवीन फाइल सुरू करणारा प्रोग्राम) तर सिस्टिममध्ये आधीपासून असतो ना, मग हे झालंच कसं? मी मूळचा अकाउंट्सचा माणूस, हे काम गळ्यात पडलंय.

उत्तर : छोट्या कंपनीत हे काम गळ्यातच पडतं हो, अडकलेला कागद प्रिंटरमधून ज्याला काढता येतो तो आयटीवाला. असो. तुमचा रूल बहुधा असा बसलाय की जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची (डेटाच्या छोट्या तुकड्याची) एक ओळ लिहिली जातेय, आणि कोणी जेवणाच्या सुट्टीत एक व्हिडिओ लावला तरी हजारोंनी पॅकेट जातात. तुम्हाला पॅकेट मोजायचेच नाहीयेत, कोणत्या मशीनवरून कुठे कनेक्शन सुरू झालं एवढंच हवंय. मग रूलमध्ये कॉनट्रॅकची (कनेक्शनचा माग ठेवणाऱ्या भागाची) अट घाला, स्टेट न्यू असेल तरच लॉग. एवढ्या एका बदलाने ओळी प्रचंड कमी होतात. सोबत लॉग-प्रीफिक्स द्या, म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तुमची खूण येईल, २९ अक्षरांपर्यंत चालते. आणि बाहेरून पोर्ट खडखडवणारे जे असंख्य बॉट असतात त्यांच्या ड्रॉप झालेल्या पॅकेटचा लॉग ठेवायचाच असेल तर त्या रूलला लिमिट लावा, नाहीतर कोणीतरी परदेशात बसून तुमची डिस्क भरेल.

आता दुसरी भानगड, जी पटकन लक्षात येत नाही. हा लॉग कर्नलमधून (सिस्टिमच्या गाभ्यातून) येतो, आणि उबंटूच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये तीच ओळ कर्न लॉगमध्ये जाते, सिसलॉगमध्ये जाते आणि जर्नलडीकडेही (सिस्टिमचा स्वतःचा वेगळा लॉग ठेवणारा) जाते, म्हणजे एका कनेक्शनच्या तीन प्रती. आरसिसलॉगच्या (लॉगच्या ओळी फाइलींत टाकणारा प्रोग्राम) कॉन्फिग फोल्डरमध्ये १० ने सुरू होणारी एक छोटी फाइल बनवा (डिफॉल्टवाली ५० ने सुरू होते, म्हणून तुमची आधी वाचली जाईल), त्यात लिहा की मेसेजमध्ये आपला प्रीफिक्स असेल तर ओळ अमुक वेगळ्या फाइलमध्ये टाक आणि पुढे स्टॉप. स्टॉप विसरलात तर प्रती तीनाच्या चार होतील. जर्नलडीची प्रत राहतेच, पण ती स्वतःला आवरते, डिफॉल्टने फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि कितीही मोठी डिस्क असली तरी ४ जीबीच्या वर जात नाही. तेही जास्त वाटत असेल तर जर्नलडीच्या सेटिंगमधलं सिस्टिममॅक्सयूज कमी करा. हे सगळं कर्नल लॉगमधून न्यायचंच नसेल तर यूलॉगडी नावाचं पॅकेज आहे, एनएफलॉग टार्गेटने पाठवलं की ते सरळ स्वतःच्या फाइलमध्ये लिहितं. मला तेच जास्त आवडतं, पण तुम्ही आत्ताच नवीन आहात तर आधी आरसिसलॉगचंच नीट बसवा.

आता लॉगरोटेट. लोकांना वाटतं तो वॉचमनसारखा बसून फाइलवर लक्ष ठेवतो. नाही. तो दिवसातून एकदा येतो, फाइली बघतो, अट लागू असेल तर फिरवतो आणि झोपतो. उबंटूत सिसलॉग-कर्न लॉगचं डिफॉल्ट सेटिंग आठवड्याला एकदा आणि चार जुन्या प्रती असं आहे, तुमची डिस्क आठवडा पूर्ण व्हायच्या आतच भरली, त्यामुळे त्याची पाळीच आली नाही. तुमच्या नव्या फाइलसाठी लॉगरोटेटच्या फोल्डरमध्ये वेगळं कॉन्फिग करा, डेली, कॉम्प्रेस, डिलेकॉम्प्रेस, मिसिंगओके, नॉटइफएम्प्टी, डेटएक्स्ट. वर मॅक्ससाइज घाला, समजा ५०० एमबी. नुसतं साइज घालू नका, साइज आणि डेली एकत्र चालत नाहीत, मॅक्ससाइज मात्र डेलीच्या जोडीने चालतं आणि दिवस संपायच्या आधी फाइल फुगली तर तेव्हाच फिरवतं. पण 'तेव्हाच' म्हणजे लॉगरोटेट पुढच्या वेळी येईल तेव्हा, म्हणून त्याचा सिस्टिमडी टायमर (तो कधी चालवायचा ते ठरवणारं घड्याळ) तासावर आणा, नाहीतर मॅक्ससाइज कागदावरच राहील.

इथे अजून एक खड्डा आहे तो आधीच दाखवून ठेवते. रोटेट १८० लिहिलं की लोक समजतात १८० दिवस (१८०च का, ते खाली सीए फर्मच्या प्रश्नात). ते दिवस नाहीत, फाइली आहेत. मॅक्ससाइजमुळे दिवसात पाच-सहा वेळा फिरली तर १८० फाइली महिन्याभरातच संपतात आणि जुनं उडायला लागतं. म्हणून रोटेटला मोठा आकडा द्या आणि मॅक्सएज १८० घाला, तो दिवसांनी मोजतो. आणि डेटएक्स्टच्या नावात नुसती तारीख असते, त्याच दिवशी दुसऱ्यांदा फिरवायची वेळ आली की त्या नावाची फाइल आधीच आहे म्हणून तो फिरवणं टाळतो आणि मूळ फाइल फुगतच राहते, म्हणून डेटफॉरमॅटमध्ये तासही घाला.

हिशोब तुम्हाला जमेलच, अकाउंट्सवाले आहात. एक ओळ अडीचशे बाइटची धरा, दिवसाला चार लाख कनेक्शन धरली तर १०० एमबी, १८० दिवसांचे १८ जीबी, आणि लॉगसारखा एकसुरी मजकूर जीझिपने बरेचदा आठव्या-दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे जुन्या पीसीच्या डिस्कलासुद्धा जड नाही. तरी व्हार-लॉगला (लॉगच्या फोल्डरला) वेगळं पार्टिशन द्या, पुन्हा कधी भरलंच तर लॉग थांबेल, ऑफिसचं इंटरनेट नाही. कॉन्फिग झालं की लॉगरोटेट डॅश डी देऊन चालवून बघा, तो काही बदलत नाही, फक्त काय केलं असतं ते सांगतो. कॉन्फिग फाइल रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) मालकीची ठेवा आणि ग्रुपला लिहायची परवानगी देऊ नका, तसं असेल तर लॉगरोटेट ती फाइल वाचतच नाही.

आणि रात्री घरी जाताना कोणी मेन स्विच बंद करत असेल तर घाबरू नका, टायमर पर्सिस्टंट आहे, चुकलेली फेरी सकाळी मशीन चालू झाल्यावर करतो. मेन स्विच बंद करणाऱ्याला मात्र समजवा.

प्रश्न : आम्ही महापेला आहोत, एमआयडीसीत. एनजिनएक्सच्या (वेब सर्व्हरच्या) ॲक्सेस लॉगने डिस्क ९८ टक्के झाली म्हणून मी ३० जीबीची जुनी लॉग फाइल डिलीट मारली. डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) अजूनही ९८ टक्केच दाखवतोय आणि डीयू (फोल्डरचा आकार मोजणारी) मारलं तर फोल्डर जवळजवळ रिकामं. खरं कोण बोलतंय?

उत्तर : दोघंही खरं बोलतायत. तुम्ही फाइलचं नाव काढलंत, पण एनजिनएक्सने ती उघडून धरलीय आणि तो अजून तिच्यातच लिहितोय. सोसायटीच्या रजिस्टरमधून भाडेकरूचं नाव खोडलं म्हणून फ्लॅट रिकामा होत नाही ना, तसंच. डीयू रजिस्टर बघून मोजतो, डीएफ फ्लॅट बघून. एलएसओएफला प्लस एल वन देऊन चालवा, नाव नसलेल्या पण उघड्या फाइली आणि त्या कोणी धरल्यात ते समोर येईल. मग एनजिनएक्सच्या मास्टर प्रोसेसला यूएसआरवन सिग्नल द्या, तो लॉग नव्याने उघडतो आणि जुनी जागा लगेच सुटते, साइट बंद पडत नाही. आरसिसलॉगला हाच निरोप हप सिग्नलने जातो.

म्हणूनच लॉगरोटेटच्या कॉन्फिगमध्ये पोस्टरोटेट आणि एंडस्क्रिप्टच्या मध्ये तो सिग्नल लिहिलेला असतो, आणि इंटरनेटवरून अर्धवट कॉपी केलेल्या कॉन्फिगमध्ये नेमका तोच भाग गळतो. काही जण त्यावर कॉपीट्रंकेट हा उपाय सांगतात, म्हणजे फाइलची कॉपी काढायची आणि मूळ फाइल जागेवरच रिकामी करायची. चालतं, पण कॉपी संपल्यापासून रिकामी करेपर्यंत ज्या ओळी आल्या त्या गेल्या, आणि ३० जीबीची कॉपी काढायला आधी ३० जीबी जागा लागते, जी तुमच्याकडे नाहीये. ज्या प्रोग्रामला सिग्नलच कळत नाही अशा एखाद्या जुन्या जावा ॲपसाठी ते ठेवा, एनजिनएक्सला कशाला.

जाता जाता, कॉन्फिगमध्ये फाइलच्या जागी नुसता स्टार टाकला नाहीये ना ते बघा. स्टार असेल तर तो फिरवलेल्या फाइलीच परत फिरवतो, मग .१.१.१ अशी शेपटं वाढत जातात. स्टार डॉट लॉग लिहा.

प्रश्न : हाय ताई, मी ऐरोलीत नाइट शिफ्ट करतो. आमच्या एका सर्व्हरचं डेटाबेसशी कनेक्शन रात्री कधीतरी तुटतं, रोज नाही. सीनियर म्हणतात टीसीपीडंप (पॅकेट पकडून फाइलमध्ये ठेवणारा प्रोग्राम) चालू ठेव आणि तुटलं की बघू. पण रात्रभर चालू ठेवलं तर किती जीबी होईल? आणि रूटने चालवूनही परमिशन डिनाइड येतंय.

उत्तर : सीनियर बरोबर बोलतायत, फक्त अर्धं बोलतायत. आकडा असा काढ : सरासरी २० एमबीपीएस ट्रॅफिक म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, तासाला ९ जीबी, दिवसाला २१६ जीबी. एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर तासाला ४५० जीबी. त्यामुळे सगळं पकडायचं नाही. फिल्टरमध्ये फक्त डेटाबेसचा आयपी आणि पोर्ट दे, आणि डॅश एस देऊन पॅकेटचे पहिले १२८ बाइटच घे, न दिलंस तर तो २,६२,१४४ बाइटपर्यंत घेतो म्हणजे पूर्ण पॅकेटच. कनेक्शन कोणी तोडलं, रीसेट कोणाकडून आला, रीट्रान्समिट किती झाले हे सगळं हेडरमध्येच (पॅकेटच्या सुरुवातीच्या पत्त्याच्या भागात) दिसतं, आतला डेटा लागत नाही. आणि तो डेटा म्हणजे लोकांची माहिती आहे, ती तुझ्या होम फोल्डरमध्ये पडून राहणं तुझ्यासाठीसुद्धा चांगलं नाही.

मग रिंग बनव. डॅश कॅपिटल सी १०० आणि डॅश कॅपिटल डब्ल्यू ५०, म्हणजे १०० एमबीच्या ५० फाइली, पन्नासावी भरली की पहिलीवर परत लिहायला सुरुवात, काहीही झालं तरी ५ जीबीच्या वर जाणार नाही. वेळेप्रमाणे फाइली हव्या असतील तर डॅश कॅपिटल जी ३६०० आहे, पण तेव्हा फाइलच्या नावात वेळेचा फॉरमॅट टाकावाच लागतो नाहीतर दर तासाला तीच फाइल पुसली जाते, आणि जीबरोबर डब्ल्यू दिलास तर तो रिंग करत नाही, तेवढ्या फाइली झाल्या की सरळ बंद होतो. तिन्ही एकत्र तर देऊच नकोस. रिंग असली की मोठी गोष्ट म्हणजे तुटल्यावर लगेच थांबवायचं, तू चहाला गेलास आणि ट्रॅफिक जास्त असलं तर हवं तेच पुसलं जाईल. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट ठेव जी ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये एरर दिसली की मिनिटभर थांबून टीसीपीडंप बंद करते.

परमिशनचं उत्तर सोपं आहे, रूटने चालू केलंस तरी टीसीपीडंप इंटरफेस उघडून झाल्यावर स्वतःचे अधिकार टाकून टीसीपीडंप नावाचा युजर होतो, तर फोल्डर त्या युजरच्या नावावर कर. थांबवल्यावर खाली 'ड्रॉप्ड बाय कर्नल' चा आकडा येतो तो बघायची सवय लाव, शून्य नसेल तर काही पॅकेट निसटलेत आणि त्या कॅप्चरवरून 'पॅकेट आलंच नाही' असं कोणालाही छातीठोक सांगू नकोस. आणि कॅप्चर नेटवर्कवरच्या डिस्कवर लिहीत असशील आणि फिल्टर ढिला असेल तर लिहिण्याचं ट्रॅफिकही पकडलं जातं, त्याचं परत लिहिणं, परत पकडणं. लोकल डिस्कवरच लिही.

रोजचं कायमचं काय ठेवायचं असं पुढे विचारलं तर पॅकेट नको, फ्लो ठेव. नेटफ्लो ही सिस्कोची जुनी पद्धत, तिच्या व्हर्जन नऊवरून पुढे आयपीफिक्स हे स्टँडर्ड झालं. कोण, कोणाशी, कुठल्या पोर्टवर, किती बाइट, कधीपासून कधीपर्यंत, बस. व्हर्जन पाचमध्ये एक रेकॉर्ड ४८ बाइटचा असतो, म्हणजे दिवसाला १० लाख फ्लो झाले तरी ४८ एमबी. वरच्या २१६ जीबीशेजारी ठेवून बघ. लिनक्सवर सॉफ्टफ्लोडी पाठवतो, एनएफकॅपडी घेतो, दर पाच मिनिटांनी फाइल आपोआप बदलतो, नावातच तारीख-वेळ असते, आणि जुन्या फाइली काढायला एनएफएक्स्पायर आहे, दिवस सांगा किंवा जीबी सांगा. इथे लॉगरोटेटची गरजच पडत नाही, लावूही नकोस.

प्रश्न : खारघरला आमच्या सोसायटीत क्लबहाउसला फ्री वायफाय आहे. नवीन सेक्रेटरींचं म्हणणं, कोण कुठल्या साइट बघतं त्याचा रेकॉर्ड ठेवा. मी कमिटीत आहे आणि कॉम्प्युटरवाला म्हणून माझ्याकडे आलंय. करता येईल का?

उत्तर : सेक्रेटरींना वाटतं त्यापेक्षा खूप कमी करता येतं, आणि करावं त्याहूनही कमी. आजकाल जवळजवळ सगळं एचटीटीपीएसवर (एन्क्रिप्ट होऊन) असतं, त्यामुळे कोणी कुठलं पान बघितलं ते राउटरला दिसत नाही. डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधायच्या) चौकशा साठवल्या तर साइटचं नाव कळेल, पण त्यात कोणी कुठल्या आजाराची माहिती शोधली, कोणी नोकरी शोधतंय, हेही कळेल, आणि मग ते गणपतीच्या मीटिंगमध्ये चर्चेला येईल. सेक्रेटरींना विचारा की हा रेकॉर्ड कोण वाचणार आणि कशासाठी. त्याला धड उत्तर मिळणार नाही, तेव्हा डीएनएसचा लॉग ठेवायचाच नाही असं ठरावातच लिहून टाका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, लोकांची माहिती उगाच गोळा करून ठेवणं ही मिरवायची गोष्ट राहिलेली नाही.

ठेवण्यासारखं आहे ते एवढंच : डीएचसीपी लीज, म्हणजे कुठल्या डिव्हाइसला कधी कुठला आतला आयपी होता, आणि नॅटची (सगळी डिव्हाइस एकाच बाहेरच्या आयपीवरून जातात ती सोय) नवीन कनेक्शन. उद्या पोलिसांनी विचारलं की अमुक वेळी तुमच्या कनेक्शनवरून धमकीचा मेल गेला, तर हे दोन जोडून उत्तर देता येतं. पण नुसत्या मॅक ॲड्रेसवर (डिव्हाइसच्या हार्डवेअर पत्त्यावर) विसंबू नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक देतात. त्यासाठी फ्लॅटनुसार लॉगिन किंवा ओटीपी लागेल. आणि दारावर स्वच्छ बोर्ड लावा, काय नोंदवतो आणि किती दिवस ठेवतो.

प्रश्न : नौपाड्यात आमची सीए फर्म आहे, भागीदारी. क्लायंट म्हणतो १८० दिवस लॉग ठेवणं कंपल्सरी आहे. आम्हालाही?

उत्तर : हो, धरूनच चाला. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ ला आयटी कायद्याच्या कलम ७०बी खाली जे निर्देश काढले त्यात सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, सरकारी संस्था यांच्याबरोबर 'बॉडी कॉर्पोरेट' आहे, आणि आयटी कायद्यात बॉडी कॉर्पोरेटच्या व्याख्येत भागीदारी फर्मच काय, एकट्याचा व्यवसायसुद्धा येतो. लॉग चालू १८० दिवसांचे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. कुठले लॉग तर फायरवॉल, व्हीपीएन, एसएसएच, मेल आणि डेटाबेस सर्व्हर अशी यादी त्यांच्या प्रश्नोत्तरांत आहे.

पण १८० दिवस एकाच मशीनवर ठेवलेत तर रॅन्समवेअर आल्यावर टॅलीच्या डेटाबरोबर लॉगही लॉक होणार, आणि नेमका तेव्हाच तो हवा असणार. दुसरं छोटं मशीन घ्या, आरसिसलॉगने टीसीपीवर तिकडे पाठवा, जमलं तर टीएलएसने (एन्क्रिप्ट करून) ६५१४ पोर्टवर. जुना यूडीपी ५१४ सोपा आहे पण ओळ हरवली तरी कोणाला कळत नाही. पाठवणाऱ्या बाजूला डिस्कवरची क्यू (रांग) चालू करा, म्हणजे पलीकडचं मशीन दोन तास बंद राहिलं तरी ओळी साचून नंतर जातात. त्या मशीनचं लॉगिन रोजच्या ॲडमिनच्या पासवर्डपेक्षा वेगळं हवं, ही अट जरा कटकटीची वाटते पण हिच्यात सवलत नाही.

प्रश्न : मी नेरुळला डिप्लोमा करते. प्रोजेक्टसाठी दोन सर्व्हरचे लॉग एकत्र केले तर एकात घटना दुपारी ३ ची दिसते आणि दुसऱ्यात सकाळी साडेनऊची. एकच घटना आहे ना ही?

उत्तर : एकच आहे गं, साडेपाच तासांचा फरक म्हणजे एक मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. दोन्ही एकाच टाइमझोनवर आण, कुठलाही चालेल पण एकच. मग क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) टाकून वेळ जुळव, सर्ट-इनचे निर्देश एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलचे (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) टाइम सर्व्हर वापरा म्हणतात, किंवा त्यांच्याशी जुळणारे. आणि आरसिसलॉगचा जुना टाइमस्टॅम्प बघ, त्यात ना साल असतं ना टाइमझोन, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीचे लॉग जोडताना महिन्यानुसार सॉर्ट केलंस तर जानेवारी आधी येईल. आरएफसी ३३३९ चा फॉरमॅट लाव, त्यात शेवटी +०५:३० स्पष्ट लिहिलेलं असतं. प्रोजेक्टच्या आधीच्या फाइलींना हे लागू होणार नाही, त्या हातानेच दुरुस्त कराव्या लागतील.